हेस्टरचा खडू

हेस्टर प्रुइटच्या शर्टाच्या खिशात कायम एक पांढरा खडू असायचा. चष्मा ती रोज कुठेतरी विसरायची, कवळी तर जेवायच्या वेळीही शोधावी लागायची, पण खडू जागच्या जागी. वय चौऱ्याहत्तर. अंगकाठी किरकोळ, बोटं मात्र जाड आणि काळवंडलेली. ॲमरिलोच्या एका गॅरेजमध्ये एकतीस वर्षं गिअरबॉक्स खोलण्यात गेली की बोटांचा रंग साबणाने जात नाही.

मार्च संपत आला की ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या मेस्किट फ्लॅटच्या छावणीत निघायची घाई सुरू होते. हिवाळाभर मुक्काम ठोकून बसलेली शे-दीडशे मोटारहोम, म्हणजे चाकांवरची घरं, एकेक करून उत्तरेची वाट धरतात, आणि बहुतेकांच्या मागे एक छोटी गाडी बांधलेली असते. घर सोबत आणलं तरी दूध आणायला कोणी घर घेऊन जात नाही, म्हणून ही मागची गाडी. निघणाऱ्याने फाटकाशी थांबायचं. हेस्टरने घडीच्या खुर्चीतून उठून मागच्या गाडीच्या चारही टायरांच्या बाहेरच्या अंगावर खडूची एकेक रेघ ओढायची. मग त्याने माणसाच्या चालीने शंभर पावलं पुढे जायचं. चारही रेघा फिरल्या की हेस्टर हात वर करणार, म्हणजे जा. एखादी रेघ जागच्या जागी फरफटत राहिली तर हँडब्रेक ओढलेला तरी आहे नाहीतर गिअर अडकला तरी आहे, आणि मग हेस्टर अशी शिट्टी घालायची की छावणीभरची कुत्री भुंकायला लागायची. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. पण तो मोडून फाटकाबाहेर जायची कोणाची छाती नव्हती.

तिचा दुसरा नियम याहून कडक. कोणी गाडी जोडत असेल तर त्याच्याशी बोलायचं नाही. साधं ‘गुड मॉर्निंग’सुद्धा नाही. बोललातच, तर त्याने केलेलं सगळं सोडवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. हा नियम तिने स्वतःच्या पापातून काढला होता. तिचा दिवंगत नवरा डॉइल कोलोरॅडोच्या घाटात एकदा गाडी जोडत होता, आणि हिने खिडकीतून हाक मारली, ‘अंडी थंड होतायत!’ डॉइलची एक पिन लावायची राहिली. नऊ मैलांवर गाडी सुटली आणि खड्ड्यात जाऊन उताणी पडली. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून निभावलं. डॉइल तीन दिवस बोलला नाही, आणि हेस्टरने पुन्हा आयुष्यात कोणाला जोडताना हाक मारली नाही.

नोव्हेंबरात नवे लोक आले की तोच एक प्रश्न घेऊन तिच्याकडे येत. आमची गाडी मागे बांधता येईल का? हेस्टर आधी उत्तर द्यायचीच नाही. ‘गाडीचं पुस्तक आण,’ म्हणायची. गाडीबरोबर मिळणारं ते जाडजूड पुस्तक, जे लोक प्लास्टिकच्या पिशवीतून कधी बाहेरसुद्धा काढत नाहीत. एकदा डेन्व्हरकडचे एक गृहस्थ कोरी करकरीत गाडी घेऊन आले. पुस्तकात चौकटीत लिहिलेलं होतं, चारही चाकं रस्त्यावर ठेवून ओढू नये.

“पण विकणारा म्हणाला, चालतं,” गृहस्थ म्हणाले.

“विकणारा तुझ्यामागून येणारे का, बघायला?”

“माझ्या मेव्हण्याकडे अगदी हीच गाडी आहे. तो ओढतो की!”

“मेव्हण्याची हाताने गिअर टाकायची आहे. तुझी आपणहून टाकते. इंजिन बंद असलं की हिच्या गिअरबॉक्सला तेल पोचत नाही. कोरडा फिरेल नि जळेल. ट्रेलरवर चढव आणि ने.”

गृहस्थ फणकारून गेले. वसंतात निघताना मात्र त्यांची गाडी निमूट ट्रेलरवर चढलेली होती, आणि तरीही ते फाटकाशी थांबले. हेस्टरने त्याही चाकांवर रेघा ओढल्या. “या फिरायला नकोत हं,” म्हणाली. हेस्टरसारखी माणसं हल्ली दुर्मीळ झाली आहेत. आपल्याला जे कळतं तेवढंच बोलणारी, आणि तेवढं मात्र कोणाच्या बापाला न भिता बोलणारी.

आर्डिथ लुंड ही तिची शेजारीण. मोंटानाची. अकरा हिवाळे दोघींच्या गाड्या एका ओकोटिओच्या काटेरी झुडपाच्या अलीकडे-पलीकडे उभ्या राहिल्या होत्या. आर्डिथचा नवरा व्हर्लिन दोन वर्षांपूर्वी गेला. मागच्या हिवाळ्यात ती आलीच नाही, आणि हेस्टरने ती रिकामी जागा पाहत एकटीने कॉफी प्यायली. या वर्षी आर्डिथच्या मुलाने, कर्टिसने, मोटारहोम स्वतः चालवत आणून दिलं आणि जाताना आईला अट घातली. परत येताना एकटीने चालवत, गाडी मागे बांधून सुखरूप घरी आणलीस तर ठेव. वाटेत एक जरी भानगड झाली तर जूनमध्ये विकायची. पोरगं वाईट नव्हतं. बाप गेल्यापासून धास्तावलेलं होतं, एवढंच. पण मोटारहोम विकलं की आर्डिथचं इथे येणं संपलं, हे दोघींनाही न बोलता कळत होतं.

म्हणून हेस्टर हिवाळाभर तिच्या मागे लागली. व्हर्लिन असेतो आर्डिथने पिनेला हात लावला नव्हता. त्याने जोडायचं, हिने आत सँडविच करायचे, अशी चाळीस वर्षांची वाटणी. हेस्टरने एका कार्डावर चौदा पायऱ्या लिहून दिल्या. मोटारहोमला गाडी जोडणारा दांडा, पिना, साखळ्या, दिव्यांची वायर, सगळं क्रमाने. बारावी पायरी गिअरची. आर्डिथची छोटी लाल गाडीही आपणहून गिअर टाकणारी, पण गिअर ठरल्या क्रमाने टाकले तर तिच्या पुस्तकात ओढायला परवानगी होती.

“गाडी जरा मागे घ्यायची,” हेस्टर जोडायच्या आधी शिकवायची. “दांड्याचे दोन्ही हात ताणले जाऊन टक् आवाज आला की थांबायचं. मग रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये. एक श्वास थांब. मग न्यूट्रल. मग तीन मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, आणि बंद.”

“रिव्हर्समधून थेट न्यूट्रल केलं तर? मधेच तर असतं ते.”

“मधे असू दे. तिथे थांबायचं नाही. तुझ्या पुस्तकात लाल अक्षरांत लिहिलंय. आत अर्धवट अडकून राहतं. चाकं फिरतात, माझ्या रेघा फिरतात, मला इथे बसून काही कळत नाही. आणि शंभर-सव्वाशे मैलांवर गिअरबॉक्सचं वाटोळं.”

“म्हणजे तुझा खडू काही देव नाही तर!” समोरच्या जागेतला मर्ल टॅगर्ट खुर्चीतून ओरडला. आयोवाचा म्हातारा, मक्याची शेती मुलांना देऊन आलेला, आणि दिवसभर दुसऱ्यांची कामं बघत टोमणे मारणं हाच त्याचा उद्योग.

“तू गप रे. ती जोडायला लागलीय.”

“मी तुझ्याशी बोललो, तिच्याशी नाही!”

तरी हेस्टरने आर्डिथला सगळं सोडवून पहिल्यापासून करायला लावलं. आर्डिथने मर्लकडे असं रोखून पाहिलं की तो खुर्ची उचलून सावलीत गेला. अशी जोडणी चाळीसएक वेळा झाली असेल. फेब्रुवारीअखेर आर्डिथ कार्ड न बघता जोडू लागली, आणि एका शनिवारच्या पॅनकेकच्या नाश्त्याला तिने सगळ्यांसमोर बावीस मिनिटांत जोडून दाखवलं तेव्हा मर्लने टोपी काढून सलाम ठोकला.

निघायचा दिवस उजाडला. सकाळचे आठ. आर्डिथ गुडघे टेकून पिना लावत होती, आणि हेस्टर सात पावलांवर हात पाठीमागे बांधून उभी होती. दांडा झाला, साखळ्या झाल्या, वायर झाली. आर्डिथ छोट्या गाडीत बसली, इंजिन सुरू केलं, हळूच मागे घेतली. मागचे पांढरे दिवे लागले. टक्.

आणि हेस्टरच्या तोंडून निघून गेलं, “नोव्हेंबरमध्ये येशील ना गं?”

आर्डिथने मान वळवून पाहिलं. तिचे डोळे भरून आले. ती काही बोलली नाही. जोडताना बोलायचं नसतं. हेस्टरने झटकन तोंड फिरवलं, नाक पुसलं, आणि उगाच झुडपाच्या काट्यांकडे बघत राहिली. तीन मिनिटांनी इंजिन बंद झालं. फाटकाशी चार रेघा ओढल्या गेल्या, चारही फिरल्या, हेस्टरने हात वर केला आणि पांढरं मोटारहोम लाल गाडीला घेऊन हमरस्त्याला लागलं.

पंचवीस मिनिटांनी मर्ल कॉफीचा थर्मास घेऊन फाटकाशी आला. पाठीमागे निघणाऱ्या दोन गाड्या रांगेत होत्या.

“फौजदारीणबाई,” मर्ल म्हणाला, “आज तुम्ही स्वतः कायदा मोडलात. या कानांनी ऐकलं.”

हेस्टर त्याच्यावर खेकसणार होती. पण कप ओठांशी नेता नेता तिचा हात थांबला. खरंच की. ती बोलली होती. तेरा वर्षं ज्याला-त्याला पहिल्यापासून जोडायला लावणारी ती, आर्डिथला ‘सोडव, पुन्हा कर’ म्हणालीच नव्हती.

ती डोळे मिटून आठवू लागली. पांढरे दिवे. टक्. तिचा प्रश्न. आर्डिथचं तोंड. पांढरे दिवे विझले. पुढे? रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये टाकली की ती लाल गाडी किंचित पुढे डुलते. हिवाळाभर दर वेळी डुलली होती. आज डुलली का? हेस्टर तेव्हा काटे बघत होती. पण वाळूवरच्या टायरांचा तो एवढासा आवाज, तो कानांवर आला होता का? नव्हता. की आला होता?

“फोन कर ना तिला,” मर्ल म्हणाला.

फोन तीनदा वाजून बंद पडला. आर्डिथ चालवताना फोन खणात टाकते, ही तिची शिस्त, आणि ती शिस्तही हेस्टरनेच लावलेली.

“अगं, टाकला असेल तिने ड्राइव्ह. चाळीस वेळा केलंय पोरीने.”

“असेल टाकला. पण मला खात्री नाही.”

“खात्री नाही म्हणून तू तिच्यामागे जाणार? या वयात, त्या खटाऱ्यातून?”

हेस्टर उठली. खिशातला खडू काढून मर्लच्या हातावर ठेवला. आजवर तो खडू दुसऱ्या कोणाच्या हातात कधी गेला नव्हता. मर्लने तो देवळातल्या प्रसादासारखा धरला.

“त्या दोघांच्या चाकांवर नीट ओढ. आणि तोंड बंद ठेव.”

तिचा पिकअप छत्तीस वर्षांचा. गार हवा येत नाही, उजवी काच खाली जात नाही, आणि साठच्या पुढे गेला की दार खडखडतं. हेस्टरने तो पंचाहत्तरवर नेला. आर्डिथ बावन्नच्या वर कधीच जात नाही, म्हणजे तासाभरात गाठायला हवी. हा हिशोब तिने गाडी सुरू व्हायच्या आत करून टाकला होता. घाम डोळ्यांत जात होता. तिला गॅरेजमध्ये कधीकाळी आलेले एक आजी-आजोबा आठवत होते, जळक्या तेलाच्या वासासकट. ओढत आणलेली गाडी दाराशी उभी, आणि ते म्हणत, ‘पण चाकं तर फिरत होती हो.’ किती जणांना तिने हे सांगितलं असेल, की चाकं फिरतात म्हणजे सगळं ठीक असतं असं नाही. आणि आज स्वतः चार रेघा फिरताना बघून हात वर केला. चुकली होती ती. साफ चुकली होती, आणि चुकली तीही मायेपोटी, म्हणून तिला स्वतःचा जास्तच राग येत होता.

बाहत्तराव्या मैलावर लाल गाडीची पाठ दिसली. हेस्टर बाजूने पुढे गेली, हॉर्न वाजवला, डाव्या खिडकीतून हात बाहेर काढून पुढे बोट दाखवलं. आर्डिथने पिकअप ओळखला. पाच मैलांवर खजूर विकणाऱ्यांची एक बंद टपरी होती. हेस्टरने मुद्दाम तीच निवडली. तिथे एका बाजूने आत शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येतं. मागे गाडी बांधलेली असताना मोटारहोम मागे घ्यायला गेलं की दांडाच वाकतो.

आर्डिथ धावत उतरली. “काय झालं? कर्टिसला काही झालं का?”

“त्याला काही नाही झालं. तू टक् झाल्यावर ड्राइव्ह टाकलास का?”

आर्डिथ उभी राहिली. “मी... तू विचारलंस ना, तेव्हा मी... हेस्टर, मला आठवत नाही.”

“मलाही. सरक बाजूला.”

चौऱ्याहत्तर वर्षांची बाई खडीवर पाठ टेकून गाडीखाली सरकली. गिअरबॉक्सवर तळहात ठेवला. नीट जोडून ओढत आणलेली गाडी कोमट असते. ही चांगलीच तापलेली होती. हात दोन श्वास टिकला, तिसऱ्याला काढावा लागला. म्हणजे ड्राइव्ह टाकलेला नव्हता. ती बाहेर आली, पुढचं झाकण उघडलं, गिअरच्या तेलाची पट्टी ओढून नाकाशी नेली. डोळे मिटून वास घेतला, पट्टी रुमालावर पुसली, पुन्हा बुडवून पुन्हा घेतला. एकतीस वर्षांचं शिक्षण त्या नाकात होतं. आर्डिथ दोन्ही हातांनी स्वतःचा स्वेटर पिळत होती.

“लाल आहे,” हेस्टर म्हणाली. “जळलेलं नाही. वाचली. अजून पन्नास मैल गेली असतीस तर मात्र गेली होती.”

आर्डिथ मोटारहोमच्या पायरीवर बसली. “मीच केलं हे. कर्टिस म्हणत होता तेच खरं. मला नाही जमायचं, हेस्टर.”

“तू काही केलं नाहीस. मी बोलले. नियम माझा, तो मीच मोडला, आणि वर तुला सोडवून पुन्हा करायलाही लावलं नाही. चूक माझी आहे. त्याला तसं सांग.”

“तू बोललीस म्हणजे काय, तू...”

“ऐक. मला तू परत यायला हवी होतीस. म्हणून तोंडातून निघालं. मागच्या हिवाळ्यात फार वाईट गेले माझे दिवस. झालं, सांगितलं. आता ऊठ.”

एवढं बोलून हेस्टर पिकअपमधून पाण्याची बाटली आणायला गेली. तिच्या आयुष्यात तिने एवढं लांबलचक मनातलं कोणाला सांगितलं नव्हतं, डॉइललासुद्धा नाही.

आर्डिथने खणातून फोन काढला. तो लगेच वाजला. कर्टिस. त्याचा आवाज एवढा मोठा होता की पिकअपपाशी हेस्टरलाही ऐकू येत होता.

“मॉम, कुठे आहेस? नकाशात थांबलेली दिसतेयस. काय झालं? काहीतरी झालं ना? तरी मी म्हणत होतो...”

हेस्टर थांबली. इथे एक खोटं पुरेसं होतं. कॉफीला थांबलेय, एवढं म्हटलं असतं तर पोरगं गप बसलं असतं, आणि मोटारहोमही राहिलं असतं. आर्डिथने हेस्टरकडे पाहिलं, मग त्या लाल गाडीकडे.

“गिअर चुकीचा राहिला होता,” ती म्हणाली. “वेळेत सापडला. काही बिघडलेलं नाही. मी सगळं सोडवून पहिल्यापासून जोडतेय.”

“बघ! हेच! आता मी तिकडे येतो, तू हलू नकोस. आणि जूनमध्ये...”

“कर्टिस, बाळा, फोन ठेव. मी जोडतेय. जोडताना माझ्याशी कोणी बोलायचं नाही.”

आणि तिने फोन बंद करून खणात टाकला.

मग तिने सगळं सोडवलं. वायर, साखळ्या, पिना. कार्ड काढलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. हेस्टर सात पावलं मागे जाऊन उभी राहिली, हात पाठीमागे, ओठ मिटलेले. ऊन चढत होतं, रस्त्यावरून ट्रक जात होते, एका ट्रकवाल्याने ‘मदत हवी का?’ म्हणून काच खाली केली तर हेस्टरने त्याला हातानेच पुढे पिटाळलं. आर्डिथ गुडघ्यांवर बसत होती, उठत होती, पुन्हा बसत होती. एकोणसत्तर वर्षांचे गुडघे ते, पण घाई केली नाही तिने. छोट्या गाडीत बसली. इंजिन. पांढरे दिवे. टक्. मग गाडी किंचित पुढे डुलली. हेस्टरने पाहिलं. एक श्वास. न्यूट्रल. तीन मिनिटं. इंजिन बंद. हँडब्रेक खाली. किल्ली जागेवर.

आर्डिथ उतरली, दार लावलं, कार्डाच्या शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं आणि हेस्टरसमोर येऊन उभी राहिली.

“आता बोलू?”

“चौदा झाल्या?”

“चौदा.”

“मग बोल.”

“नोव्हेंबरचा पहिला आठवडा. आणि कर्टिसला जूनमध्ये मी बघते. माझ्या जागेवर रात्रभर जनरेटर चालवणारा कोणी येऊन बसला ना हेस्टर, तर तुझी खैर नाही.”

हेस्टरने खिशाकडे हात नेला. खिसा रिकामा होता, खडू मर्लकडे. पण टायरांवर सकाळच्या रेघा होत्या, धुळीने पुसट, तरी दिसण्याजोग्या. तिने मान हलवली. आर्डिथ वर चढली, मोटारहोम माणसाच्या चालीने निघालं, आणि हेस्टर टपरीच्या दुसऱ्या टोकापर्यंत आधी एका, मग दुसऱ्या बाजूने चालत गेली. पुढच्या दोन फिरल्या. मागच्या दोन फिरल्या. तिने हात वर केला, आणि लाल गाडी वळणाआड गेल्यावरही तो खाली घ्यायचं तिला सुचलं नाही.